पोळ्याची गोष्ट पूर्ण सांगू या

आपल्या शाळेच्या सभागृहाबाहेरच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्याचे एक जुने चित्र आहे, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. चित्राखाली 'एकी, श्रम, त्याग' असे तीन शब्द लिहिलेले आहेत. दर वर्षी वक्तृत्व स्पर्धेत एखादे तरी भाषण या चित्रावरून सुचलेले असते. यंदाही नववीच्या एका विद्यार्थिनीने 'त्यागमूर्ती मधमाशी' या विषयावर उत्तम भाषण केले. हजारो कामकरी माश्या स्वतःचा संसार न मांडता राणीच्या पिलांसाठी आयुष्य वेचतात, तसेच मुलींनी घरासाठी झिजावे, असा तिच्या भाषणाचा समारोप होता. टाळ्या खूप पडल्या.

टाळ्या थांबल्यावर पाचवीतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, त्या माश्यांना अंडी घालता येत नाहीत, की कुणी घालू देत नाही?" सभागृहात हशा पिकला. आम्ही त्याला उत्तर दिले की कामकरी माशी वांझ असते, तिला अंडी घालताच येत नाहीत. मुलगा खाली बसला आणि कार्यक्रम पुढे सरकला.

आमचे ते उत्तर चुकीचे होते. आम्ही शिकलो हिंदी माध्यमात. त्या वेळच्या पुस्तकात 'श्रमिक मक्खी बाँझ होती है' असे एक वाक्य होते, ते पाठ झाले आणि इतकी वर्षे तसेच डोक्यात राहिले. नंतर शोधून वाचले तेव्हा कळले की पाचवीतल्या त्या मुलाचा प्रश्न हा जीवशास्त्रातल्या एका मोठ्या विषयाचा गाभा आहे. म्हणून या अंकात आम्ही आमचे उत्तर दुरुस्त करीत आहोत आणि त्या निमित्ताने विद्यार्थी, पालक व विश्वस्त या तिघांशीही थोडे बोलणार आहोत.

प्रथम खरे उत्तर. कामकरी माशी मादीच असते. तिच्या पोटात अंडाशय असते, फक्त ते लहान व बहुधा निजलेले असते. ती नराशी मीलन करीत नाही, पण मधमाश्यांत त्यावाचूनही अंडे घालता येते. फलन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो, फलन झालेल्या अंड्यातून मादी. ही गोष्ट सायलेसियातल्या योहान झिर्झोन नावाच्या एका धर्मगुरूने 1845 मध्ये मांडली, तेव्हा लोकांना ती पटेना. आज ती सर्वमान्य आहे. म्हणजे राणीला 32 गुणसूत्रे, कामकरी माशीला 32, आणि बिनबापाच्या नराला मात्र 16. अर्थात कामकरी माशीने मनात आणले तर तिला मुलगी होणार नाही, पण मुलगा होऊ शकतो.

मग पोळ्यात असे मुलगे का दिसत नाहीत? इथे नात्याचे गणित येते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हे करून पाहावे. नराजवळ गुणसूत्रांचा एकच संच असल्यामुळे तो आपल्या प्रत्येक मुलीला तोच संच जसाच्या तसा देतो. म्हणून एकाच बापाच्या दोन बहिणींत बापाकडचा अर्धा वाटा पूर्ण सारखा असतो, आणि आईकडच्या अर्ध्यातला सरासरीने अर्धा. बेरीज होते तीन-चतुर्थांश. स्वतःच्या मुलीशी आईचे नाते मात्र अर्धेच. भावाशी नाते एक-चतुर्थांश. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये आपल्या दोन लेखांत हे दाखवले की स्वतः संतती न वाढवता जवळच्या नातलगांची संतती वाढवल्यानेही आपली जनुके पुढे जाऊ शकतात, मात्र नात्याच्या प्रमाणात लाभ हा खर्चापेक्षा जास्त हवा. डार्विन यांनाही 1859 च्या आपल्या ग्रंथात या वांझ कामकऱ्यांचा प्रश्न फार कठीण वाटला होता. ज्यांना संतती नाही त्यांचे गुण पुढच्या पिढीत जातात कसे? उत्तराची दिशा त्यांनी कुटुंबाकडे दाखवली होती, हिशोब हॅमिल्टन यांनी मांडला.

पण गोष्ट इथे संपत नाही. मधमाशीची राणी एका नराशी नव्हे, दहा-वीस नरांशी मीलन करते. त्यामुळे पोळ्यातल्या बहुतेक बहिणी सावत्र असतात. एक आई, वडील वेगळे. सावत्र बहिणीशी नाते एक-चतुर्थांश आणि तिच्या मुलाशी फक्त एक-अष्टमांश. याउलट राणीचा मुलगा हा आपला भाऊ, त्याच्याशी नाते एक-चतुर्थांश. आता कामकरी माशीच्या बाजूने विचार करा. स्वतःचा मुलगा तिला सर्वांत जवळचा, नाते अर्धे. त्याखालोखाल राणीचा मुलगा. आणि बहिणीचा मुलगा सर्वांत दूरचा. म्हणजे प्रत्येकीला स्वतः अंडे घालायचा मोह आहे, आणि प्रत्येकीला दुसरीने अंडे घालू नये असे वाटण्याचे कारणही आहे.

फ्रान्सिस रॅटनिक्स यांनी 1988 मध्ये हे तर्काने मांडले आणि पुढच्याच वर्षी किर्क विशर यांच्यासोबत प्रयोग करून दाखवले. कामकरी माश्यांची अंडी आणि राणीची अंडी पोळ्यात शेजारी-शेजारी ठेवली, तर कामकरी माश्या आपल्या बहिणींची अंडी ओळखून जवळपास सगळी खाऊन टाकतात, राणीची बरीचशी राखतात. शास्त्रज्ञ याला कामकऱ्यांची पोलीसगिरी म्हणतात. राणी असलेल्या पोळ्यात वाढणाऱ्या नरांपैकी कामकरी माशीचा मुलगा हजारात एखादाच निघतो. आपल्याकडे 'माय मरो पण मावशी जगो' अशी म्हण आहे. पोळ्यातली मावशी मात्र भाच्याचे अंडे खाते.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे: अंडी घालता येतात, पण घातली तर टिकू देत नाहीत. टिकू देत नाहीत म्हणून बहुतेक जणी घालण्याच्या भानगडीत पडत नाहीत. हा शेवटचा भाग आमचा अंदाज नव्हे. टॉम वेन्सेलीर्स व रॅटनिक्स यांनी 2006 मध्ये गांधील माश्यांच्या नऊ जाती व मधमाशी यांची तुलना केली, तेव्हा जिथे पोलीसगिरी कडक तिथे अंडी घालू पाहणाऱ्या कामकरी माश्या कमी, असे त्यांना आढळले. केवळ जवळच्या नात्यामुळे त्याग वाढला असता, तर उलट चित्र दिसायला हवे होते.

शिवाय कामकरी माशी कामकरी होते कशी, हेही पाहावे. राणी व्हायची अळी आणि कामकरी व्हायची अळी सारख्याच अंड्यातून निघतात. पहिले सुमारे तीन दिवस दोघींना राजान्न मिळते. पुढे एकीला तेच भरपूर मिळत राहते, दुसरीच्या वाट्याला मध व परागाचे मिश्रण येते. कोणत्या अळीला कोणत्या घरात काय भरवायचे हे दाया ठरवतात. अळीला कोणी विचारत नाही.

हे वाचून काही पालकांना वाटेल की प्राचार्यांनी मुलांच्या मनातली चांगली प्रतिमा मोडण्याचे काम का करावे? शिक्षक-खोलीतही हा आक्षेप आला. एका ज्येष्ठ बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितले, "सर, मुलांना भांडण शिकवायला घरी टीव्ही आहे. शाळेने एकी शिकवावी." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि आम्ही त्यावर बरेच दिवस विचार केला. आमचे मत असे झाले की पूर्ण गोष्ट ऐकून एकीची किंमत कमी होत नाही, वाढते. वीस-तीस हजार जीव, त्यांतले बहुतेक सावत्र, प्रत्येकीचा स्वार्थ थोडा वेगळा, आणि तरीही पोळे उन्हाळा-पावसाळा तग धरते. ज्यांच्यात मतभेदच नाहीत त्यांनी एकत्र राहण्यात विशेष काय? मतभेद असून एकत्र कसे राहिले जाते, हे शिकण्यासारखे आहे.

शिस्त सुटली तर काय होते याचेही उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील मधमाशीच्या कामकरी माश्या नराशिवायच मादी जन्माला घालू शकतात. 1990 मध्ये तिथल्या मधपाळांनी या माश्यांची पोळी उत्तरेकडे, दुसऱ्या उपजातीच्या प्रदेशात नेली. केपच्या कामकरी माश्या तिथल्या पोळ्यांत शिरल्या व आपल्याच प्रती काढत गेल्या. या प्रती काम करीत नाहीत, आयते खातात. यजमान पोळी एकामागून एक मेली, हजारो पोळी नष्ट झाली. फुकट खाणाऱ्याला आवर घालणारे कोणी नसेल तर कष्ट करणाऱ्यांचे घर बुडते, एवढे यावरून नक्की कळते.

आता एक सावधगिरीची सूचना. कीटकांकडे पाहून माणसाने आपले नियम ठरवू नयेत. माणसाने प्रत्येक काळात पोळ्यात आपलाच समाज पाहिला आहे. प्राचीन ग्रीक-रोमन लेखक पोळ्याच्या प्रमुखाला राजा म्हणत, कारण राज्य राजाचेच असते असे त्यांना वाटे. इंग्लंडमध्ये चार्ल्स बटलर यांनी 1609 मध्ये ते स्त्रीचे राज्य आहे असे पुस्तक लिहिले. त्याच शतकात हॉलंडच्या स्वामरडॅम यांनी तथाकथित राजाचे विच्छेदन करून अंडाशय दाखवले. आपणही पोळ्यात आपल्याला हवी तशी सून आणि हवी तशी मुलगी पाहतो. माशी अंडे खाते म्हणून माणसाने दुसऱ्याचे मूल वाढू देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. मग माशी झिजते म्हणून मुलीने झिजावे, असे तरी का म्हणावे?

इथेच आमच्या मनातली खरी गोष्ट आहे. आपल्या शाळेत दर वर्षी आठवी ते दहावीच्या काही मुली गैरहजर राहू लागतात. घरी विचारले तर उत्तर येते, धाकट्या भावाची परीक्षा आहे, आजी आजारी आहे, आईला नोकरी आहे. आणि मग कौतुकाने म्हटले जाते, "आमची पोर फार समजूतदार आहे, स्वतःहून शिकवणी सोडली." आम्हीही शिक्षक म्हणून अशा मुलींना 'गुणी' म्हणून मोकळे होतो. पाचवीतल्या त्या मुलाचा प्रश्न इथे विचारून पाहा. तिला शिकायचे नव्हते, की शिकू दिले नाही? तिने स्वतःहून सोडले, की सोडल्याशिवाय घरात जागा नाही हे तिला लहानपणापासून कळलेले होते? एकाच घरातल्या मुलाला आणि मुलीला आपण वेगवेगळे 'भरवतो', आणि मग त्यांच्या स्वभावातला फरक निसर्गाने केला असे समजतो.

आम्हाला त्यागाचा अनादर करायचा नाही. आपल्या पिढीतले कितीतरी लोक थोरल्या बहिणीच्या किंवा मावशी-आत्याच्या कष्टावर शिकले आहेत. आम्ही स्वतः त्यातलेच एक आहोत. आमच्या थोरल्या ताईचे शिक्षण सातवीला थांबले, आम्ही पदवीपर्यंत गेलो. घरात सगळे म्हणत की ताईला शिक्षणाची आवडच नव्हती. तिला आम्ही कधी विचारले नाही. तीन वर्षांपूर्वी ताई गेली, आता विचारता येत नाही. नववीच्या मुलीचे भाषण ऐकताना आम्ही टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण त्या रात्री झोप नीट लागली नाही.

विश्वस्त मंडळींसाठीही यात थोडे आहे. आपल्याकडे अंगणात, खिडकीच्या चौकटीला कागदासारखे घरटे करणारी तांबूस गांधील माशी दिसते. आपण इंदूरकर तिला हिंदीतल्या शब्दाने 'ततैया'च म्हणतो. तिच्यासारख्या 'रोपॅलिडिया मार्जिनाटा' नावाच्या भारतीय जातीवर बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक राघवेंद्र गदगकर व त्यांचे विद्यार्थी अनेक दशके काम करीत आले आहेत. या जातीत राणी आणि कामकरी दिसायला सारख्या. वेगळ्या ठेवलेल्या माद्यांपैकी सुमारे अर्ध्या स्वतः घरटे करून अंडी घालतात, म्हणजे जन्माने वांझ असे कोणी नाही. बहिणींतले नातेही काही फार जवळचे नसते, कारण राण्या बदलत राहतात. मग त्या एकत्र का राहतात? एक कारण असे की एकटी आई मेली तर तिची सगळी पिले मरतात, पण समूहात अर्धवट राहिलेले काम दुसरी कोणी पुरे करते.

या घरट्यातली राणी शांत असते. मारामारी करून सत्ता राखत नाही, आपल्या ग्रंथीतले रसायन घरट्याला लावून 'मी आहे' एवढे कळवत राहते. तिला काढून घेतले तर काही मिनिटांत एक ठरावीक माशी आक्रमक होते, बाकीच्या तिला विरोध करीत नाहीत आणि काही दिवसांत ती शांत होऊन अंडी घालू लागते. तिलाही काढले तर पुढची ठरलेली असते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा एकामागोमाग पाच वारसदारांपर्यंत हा क्रम बिनभांडणाचा दिसला. गंमत म्हणजे वारस कोण हे आपल्याला आधी ओळखता येत नाही, त्यांना मात्र ठाऊक असते.

माशीकडून नियम शिकू नये असे आम्ही वर म्हटलेच आहे, म्हणून इथेही फक्त प्रश्न विचारतो. आपली संस्था जुनी आहे. आजोबांनी वर्गणी दिली, वडिलांनी काम पाहिले, अशी घराणी तिच्याशी जोडलेली आहेत. सभेत कोणी हिशोबाविषयी किंवा प्रवेशाविषयी वेगळे बोलले की 'आपण सगळे एका कुटुंबातले' म्हणून विषय मिटवला जातो. कुटुंब आहोत हे खरेच, पण कुटुंबातही सगळ्यांचे हित एकसारखे नसते. मराठी शाळेत पटसंख्या टिकवायची, तर नियम सर्वांना सारखे हवेत, विश्वस्तांच्या नातवंडांनाही आणि प्राचार्यांच्या नातलगांनाही. आणि आपल्यानंतर काम कोण पाहणार, हे आपल्याला ठाऊक आहे का? तरुण पालकांपैकी कितीजण कार्यकारिणीच्या बैठकीला बसतात?

बोलून थांबणे बरे नाही, म्हणून तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, विद्यार्थ्यांसाठी. या सत्रात आठवी व नववीला विज्ञानाच्या दोन तासिका पोळ्याच्या पूर्ण गोष्टीसाठी ठेवल्या आहेत. नात्याचे गणित पत्त्यांच्या साहाय्याने करून दाखवले जाईल. सातेरी, फुलोरी आणि आग्या या आपल्याकडच्या तीन मधमाश्यांची ओळखही करून घ्यावी. आग्याच्या पोळ्याजवळ मात्र कोणीही जाऊ नये, चित्रावरून ओळख पुरे.

दुसरी, पालकांसाठी. घरच्या अडचणीमुळे मुलीचा वर्ग किंवा शिकवणी सुटणार असेल तर निर्णयापूर्वी एकदा आमच्याकडे या. मुलीला सोबत आणा. तिला आधी बोलू द्या, मग आपण बोलू. सकाळच्या सत्रात वेळ ठरवून देता येईल, तासिका नंतर भरून देता येतील, अडचणीवर काही ना काही उपाय निघतो. मुलगा व मुलगी यांच्यात काम वाटून देता येईल का, हेही विचारू.

तिसरी, विश्वस्तांसाठी. येत्या वार्षिक सभेत पालकांच्या प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवावा आणि विचारणाऱ्याला पाहुणा समजू नये.

भिंतीवरचे चित्र आम्ही पुसणार नाही. चित्र सुंदर आहे आणि ज्या माजी विद्यार्थ्याने ते काढले त्याने मनापासून काढले आहे. एकी आणि श्रम हे शब्दही राहू द्यावेत. 'त्याग' या शब्दाखाली एक ओळ जोडावी असे मात्र वाटते, आणि ती ओळ काय असावी हे विद्यार्थ्यांनी सुचवावे. सूचना कार्यालयाबाहेरच्या पेटीत टाकाव्यात.

पाचवीतल्या त्या विद्यार्थ्याला आम्ही वर्गात जाऊन सांगितले की तुझा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चुकले होते. त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला, "मग सर, त्या राणीला तरी कुणी विचारलं होतं का?"

याचे उत्तर आम्ही अजून त्याला दिलेले नाही. आपल्यापैकी कोणाला सुचले तर जरूर कळवावे.